पान एकशे त्र्याऐंशी

४ जानेवारी

प्रिय ताई,

फोन केला की तू "वाचनालयात आहे, मग बोलू" म्हणतेस आणि ते मग काही येत नाही. म्हणून पत्र. दोन मावसबहिणी या वयात एकमेकींना पत्रं लिहितायत हे बघून पोस्टमनलाही बरं वाटेल, हल्ली त्याच्याकडे माझ्यासाठी फक्त बँकेची पाकिटं असतात.

काम असं आहे. गेल्या आठवड्यात प्रकाशकांच्या कचेरीतून मला एका वाचक बाईंचं पत्र आलं. तुझ्याच गावातल्या, शिवणकाम करतात, आणि पुस्तकं तुझ्याच वाचनालयातून नेतात. माझी बेकरीवाली कादंबरी त्यांनी तिसऱ्यांदा वाचली. लिहितात, "शेवटी दोघी सकाळी शटर वर करतात आणि पिठाचे हात एकाच ॲप्रनला पुसतात, ते वाचून मी मशीन बंद केलं आणि ते पान पुन्हा वाचलं. असा शेवट लिहिल्याबद्दल आभार."

ताई, त्या कादंबरीत धाकटी तलावात बुडून मरते. थोरली शटर खाली ओढते ते कायमचं. तू माझी पुस्तकं वाचत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगून ठेवते. माझ्या पाचही कादंबऱ्यांत एक बाई दुसरीवर प्रेम करते आणि मग दोघींतली एक मरते. पहिलीत ताप, दुसरीत अपघात, तिसरीत तलाव, चौथीत पुन्हा ताप, कारण मला दुसरं काही सुचेना. पाचवीत मी एकीला जिन्यावरून पाडलं. तो जिना सहा पायऱ्यांचा होता.

हे मी हौसेने केलेलं नाही. आमच्या संपादकांचं म्हणणं असं, "बाई, दोघी जिवंत राहिल्या तर तो प्रचार होतो. एक गेली की साहित्य." पहिल्या वेळी मी बत्तीस वर्षांची होते, पुस्तक निघतंय याचंच अप्रूप होतं, मान डोलावली. मग सवय लागली, त्यांना मागायची आणि मला द्यायची.

सतरा वर्षं झाली. अजून सभेत माझी ओळख "धाडसी लेखिका" अशीच करून देतात आणि मग टेबलाच्या अगदी टोकाला बसवतात, जिथे पाण्याची बाटली पोचत नाही. पुस्तकांच्या दुकानात मी मानसशास्त्राच्या कपाटात असते, पाठदुखीवरच्या पुस्तकाशेजारी. एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, भाषा फार सुंदर आहे, विषय तेवढा सोसवेल असा घ्या. आता मी त्यांना काय सांगू, विषय मीच आहे म्हणून?

सहावी लिहून झाली. साठी उलटलेल्या दोघी, त्यांचं चष्म्याचं दुकान, आणि शेवटी एक हरवलेला स्क्रू सापडतो. कुणी मरत नाही. संपादकांकडे दिलीय आणि जीव टांगणीला लागलाय.

तेवढं बघ, त्या बाई माझी चेष्टा करतायत का.

तुझी,
बारकी


१५ जानेवारी

बारके,

पत्र पोचलं. तुझ्या ओळी अजून वर चढत जातात.

त्या बाई चेष्टा करणाऱ्यातल्या नाहीत. खिडकीजवळच्या टेबलाशी बसतात, गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरून तशाच येतात. पुस्तक वेळेत परत करतात. वाचकांचं तू मनावर घेऊ नकोस. कुणी अर्धं वाचतं, कुणी मधूनच सुरुवात करतं. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी दुसरा खंड आधी नेला आणि पहिला नेलाच नाही, म्हणाले आता सगळं कळलं.

इकडे ठीक. संदर्भ विभागाचं छत गळतंय, अर्ज दिला आहे. बाइंडर येऊन गेले, साठ पुस्तकं शिवून झाली. तीस जूनला मी निवृत्त होते. माझ्या जागी कोण येणार ते अजून कळलेलं नाही. वरची खोली झाडून घेतली.

संपादकांशी काय ते तुझं तू बघ, मला त्यातलं कळत नाही. पण शटर वर जातं आणि पहिलं गिऱ्हाईक येतं, तिथे बरं वाटतं. त्यापुढे काही लागत नाही. सहावीचंही तसंच ठेव.

फोनवर खोकत होतीस, तो खोकला अंगावर काढू नकोस.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

म्हणजे तू वाचलीस. पहिल्या गिऱ्हाइकाचं मी तुला लिहिलंच नव्हतं. सतरा वर्षांत तू माझ्या पुस्तकांबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी दर वेळी पहिली प्रत तुला पाठवायची आणि तू उत्तरात छताबद्दल लिहायचीस. मला वाटायचं तुला लाज वाटते. आणि आता सहज लिहून जातेस, शटर वर जातं तिथे बरं वाटतं.

पण त्यावर नंतर भांडू. आधी ऐक, मी काय शोभा करून घेतली.

मी शिवणवाल्या बाईंना उत्तर लिहिलं की तुमचं पुस्तक नेमकं कुठे संपतं. त्यांनी लगेच कळवलं, पान एकशे त्र्याऐंशी, पुढे एक कोरं पान आणि मग पुठ्ठा. माझी प्रत दोनशे तीन पानांची आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, छापखान्याने वीस पानं खाल्ली आणि अकरा वर्षं तशा प्रती विकल्या. मी तडक संपादकांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर हात आपटून बोलले, सगळी कचेरी उभी राहून ऐकत होती. त्यांनी शांतपणे गोदामातून सात प्रती मागवल्या. सातही दोनशे तीन पानांच्या. एकेक करून माझ्यासमोर उघडल्या त्यांनी, मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

आणि मग, मी अशी ओशाळलेली असताना, त्यांनी सहावीचा विषय काढला. "कादंबरी गोड आहे. शेवटी एकीला जाऊ द्या. साठी उलटलीय त्यांची, आता जबरदस्तीही वाटणार नाही."

ताई, मी नाही म्हणू शकले नाही. विचार करते म्हणाले.

तुला एक सांगितलेलं नाही. माझ्याबरोबर जी राहायची, जिला तू पत्रात "तुझी मैत्रीण" म्हणायचीस, ती सात वर्षांपूर्वी गेली ती नोकरीसाठी गेली नाही. पाचवीचं हस्तलिखित वाचून झाल्यावर तिने ते नीट चळत करून ठेवलं आणि म्हणाली, "दर तीन वर्षांनी मी तुझ्या पुस्तकात मरते. मला कंटाळा आलाय." मी म्हटलं, ती तू नाहीस. ती म्हणाली, "मग कोण आहे?" सहावी मी त्या प्रश्नासाठी लिहिली आहे. आता त्यातलीही एक मारायची असेल तर मी आजवर कशासाठी खर्डेघाशी केली ते मलाच कळत नाही.

एवढं लिहिलंय तर खरं सांग. तुझ्या वाचनालयातल्या प्रतीची वीस पानं कुठे आहेत?

बारकी


११ फेब्रुवारी

बारके,

पानं माझ्याकडे आहेत. कपाटात.

आमच्याकडे पुस्तक फार फिरलं की शिलाई उसवते आणि पानं सुटी होतात. वर्षातून दोनदा बाइंडर येतात आणि मागच्या व्हरांड्यात बसून ती पुन्हा शिवतात. द्यायच्या आधी पुस्तकं मी तपासते, तेव्हा तुझ्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मी काढून ठेवलं. सुटंच होतं, थोडं ब्लेड लागलं. बेकरीच्या पुस्तकात ते प्रकरण एकशे त्र्याऐंशीच्या पाठीवरच सुरू होतं, म्हणून तिथे कोरा कागद चिकटवला.

एकाच पुस्तकातलं नाही, पाचही पुस्तकांतलं.

बाइंडर वयस्कर आहेत. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "बाई, मागची पानं कुठायत?" मी म्हटलं, वाळवीने खाल्ली. पाचव्या वेळी म्हणाले, "तुमच्या वाळवीला बरोबर शेवटच आवडतो." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

वाचकांना उगीच त्रास नको म्हणून केलं. तुला कचेरीत मान खाली घालावी लागली त्याचं वाईट वाटलं.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

वाईट वाटलं?

अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल आहेस तू. पानाचा कोपरा दुमडला म्हणून लोकांना सगळ्यांसमोर झापतेस. आणि माझ्या पुस्तकांना ब्लेड लावलंस, पाच वेळा, आणि वरून मला खोकल्याचं सांगतेस.

संपादक मला विचारून बायका मारतात. तू न विचारता जिवंत केल्यास. मधे मी कोण? माझ्या पुस्तकाचा शेवट कसा असावा हे जगात सगळ्यांना कळतं, एक मला सोडून. त्या शिवणवाल्या बाईंना जे पुस्तक आवडलं ते मी लिहिलेलंच नाही. सतरा वर्षांत एक वाचक मनापासून आभार मानते, आणि तेसुद्धा तुझ्या ब्लेडचे.

वाचकांना त्रास नको म्हणे. वाचकांना की तुला? घरातल्या घरात झाकपाक करायची तुझी जुनी खोड आहे. आमच्या घरच्यांना माझं कळलं तेव्हाही तू मूग गिळून बसली होतीस. मी बावीस वर्षांची होते आणि सगळ्यांसमोर त्या खोलीत उभी असताना मला वाटत होतं, ताई आता बोलेल.

मला उत्तर नको.


३० मार्च

बारके,

नको म्हणालीस तरी लिहिते. दीड महिना लागला. चार वेळा लिहून फाडलं.

सोबत पाचही प्रकरणं पाठवली आहेत, बाइंडरच्या दोऱ्याने बांधून. बेकरीचं पहिलं पान तेवढं कोऱ्या कागदाखाली राहिलं, बाकी एकही फाटलेलं नाही. ती तुझी आहेत.

आमच्या वरच्या खोलीत सिस्टर राहायच्या ते तुला आठवत असेल. सरकारी दवाखान्यात होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी भाडेकरू म्हणून आल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचं सामान खाली आलं. वरची खोली फक्त लोकांसाठी त्यांची राहिली. रोज सकाळी ती वर जाऊन एक चादर दोरीवर टाकायची, म्हणजे शेजाऱ्यांना वर कुणी झोपतं असं वाटावं. सात वर्षं ती कोरडी चादर आम्ही वाळत घातली.

मग ती आजारी पडली. शेवटच्या महिन्यात तिला डोळ्यांनी वाचवेना, म्हणून मी रोज संध्याकाळी खुर्ची पलंगाशी ओढून मोठ्याने वाचायचे. तुझी बेकरी तेव्हा नवी आली होती. ती प्रत्येक पानाला हसायची, म्हणायची, हिला पीठ मळायचं काही कळत नाही पण बायका कळतात. मी पुढचं आधी वाचून ठेवायचे, आवाज कुठे अडेल ते माहीत असावं म्हणून. शेवटचं प्रकरण मी बसस्टॉपवर उभी राहून वाचलं आणि दोन बस सोडल्या.

त्या संध्याकाळी मी एकशे त्र्याऐंशीवर पुस्तक मिटलं आणि म्हटलं, संपलं. ती म्हणाली, "चला, आपल्यासारख्यांचं एक तरी पुस्तक धडपणे संपलं." चार दिवसांनी ती गेली.

लोक भेटायला आले. म्हणाले, अशी चांगली भाडेकरू पुन्हा मिळणं कठीण. मी हो म्हटलं. तूही दोन दिवस आली होतीस. जाताना मला विचारलंस, ताई, वरची खोली आता परत भाड्याने देशील का?

मी तुला दोष देत नाही. आम्ही लपवलंच इतकं नीट. पण तू गेल्यावर मी वाचनालयाची प्रत घरी आणली आणि ते प्रकरण कापलं. मी तिला जे सांगितलं ते खोटं ठरू नये म्हणून. मग पहिली दोन कापली. मग नवीन आल्या त्या. अकरा वर्षं कापतेय.

बावीस वर्षांची तू त्या खोलीत उभी होतीस ते मला रोज आठवतं. मी बोलले असते तर मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. म्हणून गप्प बसले. तुझ्या पुस्तकांबद्दल लिहिलं नाही तेही त्याचसाठी. एक ओळ लिहिली असती तर पुढचं सगळं आलं असतं.

ताई


९ एप्रिल

ताई,

मी हा विषय कोळून प्यायलेय असं मला वाटायचं. पाच कादंबऱ्या, शंभर भाषणं. आणि दोन दिवस तुझ्या घरात राहून, एकाच पलंगावर दोन उशा बघून, मी विचारलं की खोली भाड्याने देशील का. ते वाक्य मी कालपासून मोठ्याने म्हणून बघतेय. माफ कर, हा फार तोकडा शब्द आहे.

सिस्टरांना पीठ मळण्याबद्दल बरोबर कळलं होतं. मी बेकरीत कधी गेलेच नव्हते.

तू पाठवलेली प्रकरणं वाचली. कितीही वाईट लिहिली असली तरी ती माझी आहेत म्हणून मी त्यांची बाजू घेत बसले होते, पण खरं सांगू, ती वाचवत नाहीत. भाषासुद्धा माझी वाटत नाही, संपादकांच्या पत्रासारखी वाटते. पाचवीतला जिना तर तू खरंच वाळवीला घालायला हवा होतास.

आता एक युक्ती केलीय, ती ऐक. संपादकांना मी होकार दिला. शेवटी एक छोटं प्रकरण, थोरली झोपेत जाते, सात-आठ पानं. पण मी अट घातली आहे की ते प्रकरण उजव्या पानावरच सुरू झालं पाहिजे, आणि त्याचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायच्या पानांचा गठ्ठा, वेगळा हवा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत शिवतात हे तुला मी काय सांगायचं. शेवटचा फर्मा सुटा असला की तो उसवून काढता येतो, मागे खूणसुद्धा राहत नाही. कोरा कागद चिकटवायला नको. त्यांना वाटलं मला मांडणीची फार दृष्टी आहे.

म्हणजे पुस्तकही निघेल, आणि तुझ्या कपाटातली प्रत स्क्रू सापडतो तिथे संपेल. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर मात केल्यासारखं वाटतंय. करारावर पंधरा मेला सही करायची आहे.

बारकी


१६ एप्रिल

बारके,

तुला अक्कल आली असं मला वाटलं होतं.

मी तीस जूनला घरी बसते. नवे ग्रंथपाल ठरले, परवा येऊन गेले. सज्जन आहेत, नियमाने चालणारे. ते पानं मोजून पुस्तक दाखल करून घेतात. ते कुठलाही फर्मा उसवणार नाहीत, आणि उसवूही नये. मी जे केलं तो गुन्हा होता, मला त्याची शिफारस करायची नाही.

आणि समजा मी असते तरी काय? एका गावातल्या एका कपाटातली एक प्रत. बाकी सगळीकडे ती झोपेत मरणार. मी ब्लेड चालवलं कारण मी लेखिका नाही आणि माझ्यात धीर नाही. तुझ्या हातात पेन आहे. तू पेनने मारणार आणि मग मी मागच्या व्हरांड्यात बसून तिला वाचवणार, ही कुठली वाटणी?

तुझी युक्ती मी ओळखते. ती चादर आहे. लोकांसाठी दोरीवर टाकलेली.

आता एक शेवटचं. बेकरीच्या पुस्तकात मी जो कोरा कागद चिकटवला, त्यावर लोक पेन्सिलीने लिहितात. आमच्या वाचनालयात पुस्तकात लिहिणाऱ्यांचं कार्ड रद्द होतं, हे मीच लावलेल्या पाटीवर आहे. पण त्या कागदावरचं मी कधी खोडलं नाही. खाली उतरवून देते. अक्षरं सगळी वेगळी आहेत.

त्यांनी पुढे मांजर पाळलं असणार.

धाकटीने हिशेब लिहायचा, थोरलीला जमत नाही.

मला वाटलं होतं एक मरेल. तीन दिवस शेवटचं पान उघडलं नव्हतं.

मीपण.

माझ्या आईला हे वाचायला दिलं. ती काही बोलली नाही पण परत करायला स्वतः आली.

दोघी कुठे राहतात कुणाला माहीत आहे का?

हे अकरा वर्षांत जमलेलं आहे. तुझ्या सातही प्रती मोजून दाखवणाऱ्या माणसाला हे वाचून दाखव, किंवा दाखवू नकोस. पण सही करण्याआधी तू वाच.

ताई


१८ मे

ताई,

सही केली नाही.

गेले होते. त्यांनी पेन पुढे केलं, चहा मागवला. मी तुझं पत्र काढलं आणि पेन्सिलीतल्या सहाही ओळी वाचून दाखवल्या. मला वाटलं होतं की मांजराच्या ओळीला तरी ते हसतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ते वाईट नाहीत ताई, तीच तर अडचण आहे. म्हणाले, "बाई, हे सहा लोक आहेत. मला हजारांचा विचार करावा लागतो."

मी म्हटलं, त्या हजारांना आपण विचारलंय कधी?

ते म्हणाले, "सतरा वर्षं मी तुम्हाला छापलं. दुसरं कुणी छापत नव्हतं." हे खरं आहे, आणि ते खरं असल्यामुळेच मी सतरा वर्षं मान डोलावत आले. मी फाइल उचलली. ती जाड होती, बगलेत मावेना. दारापर्यंत येताना खालची तीस-चाळीस पानं निसटून सगळ्या कचेरीभर पसरली. मी गुडघ्यांवर बसून गोळा करत होते आणि कुणी उठलं नाही. ऐटीत निघून जाणं मला या जन्मात जमायचं नाही.

आता एकोणपन्नासाव्या वर्षी माझ्याकडे प्रकाशक नाही. चार जणांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, विषय धाडसी आहे. दुसऱ्याने लिहिलं, शेवटी काहीतरी घडायला हवं. मी टेबलावर डोकं ठेवून बसले. दोन म्हाताऱ्या जिवंत राहतात, हे घडणं नाही का?

तुझी युक्तीबद्दलची ओळ मी भिंतीवर लावली आहे. राग आला की वाचते, म्हणजे रोज.

बारकी


८ नोव्हेंबर

ताई,

सोबत पुस्तक आहे. होय, खरंच.

तीनशे प्रती. शाळांसाठी नकाशे छापणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी आजवर कादंबरी कधी छापलेली नाही. कुणी त्यांचं नाव सुचवलं ते आता आठवतही नाही, मी शेवटी शेवटी कुणालाही पाठवत होते. त्यांनी हस्तलिखित वाचून मला एकच प्रश्न विचारला, "तो स्क्रू चष्म्याच्या काडीचा की नाकावरच्या पट्टीचा? मला कळेना." मी म्हटलं, काडीचा. म्हणाल्या, मग तसं लिहा. एवढंच संपादन झालं. कागद नकाशांचा असल्यामुळे पुस्तक विटेसारखं जड झालंय आणि कव्हरचा रंग समुद्राचा आलाय, त्यांच्याकडे तोच होता.

परीक्षण कुठे आलेलं नाही. दुकानदाराने पुन्हा मानसशास्त्रातच ठेवलंय, मी स्वतः काढून कादंबऱ्यांत लावलं, दुसऱ्या दिवशी परत तिकडे. एक प्रत मी तिलाही पाठवली, जी कंटाळून गेली तिला. पुस्तकात चिठ्ठी ठेवली नाही, फक्त शेवटच्या पानाचा कोपरा दुमडला. तू रागावशील. तिचं काही उत्तर नाही. पोचलंय एवढं कळलं.

पहिलं पान बघ. "सिस्टरांना" असं छापलंय. तुला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. न विचारता करायचं मी तुझ्याकडूनच शिकले.

बारकी


२२ नोव्हेंबर

बारके,

पुस्तक मिळालं. कोपऱ्याबद्दल रागावले आहे.

पहिलं पान बघितलं आणि ते मिटून स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. मग येऊन परत बघितलं. नको म्हणाले असते हे खरं आहे. राहू दे.

एक प्रत वाचनालयात नेऊन दिली. नव्या ग्रंथपालांनी पानं मोजली, दोनशे बारा, आणि दाखल करून घेतलं. बेकरीच्या पुस्तकाबद्दल मी त्यांना सगळं सांगितलं, ब्लेडसकट. त्यांनी जुनी प्रत काढून तिचीही पानं मोजली. मग म्हणाले, नियमाने मला नवी प्रत मागवावी लागेल. मी म्हटलं, मागवा. म्हणाले, जुनीही राहील, जागा आहे.

शिवणवाल्या बाई तिथेच होत्या. तुझं नवं त्यांनीच पहिलं नेलं. जाताना मला विचारलं, तुमच्या वरच्या खोलीत पूर्वी एक सिस्टर भाड्याने राहायच्या ना? मी म्हटलं, भाड्याने नाही. त्यांनी मान डोलावली, गळ्यातली मोजपट्टी काढून गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. एवढंच झालं. एकोणीस वर्षं मी ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

माझी प्रत मी लगेच वाचली नाही. रोज संध्याकाळी एक प्रकरण, मोठ्याने, खुर्ची पलंगाशी ओढून. पलंगावर कुणी नाही हे मला कळतं, काळजी करू नकोस. पण पुढचं आधी वाचून ठेवायची माझी सवय आहे, ती या वेळी मोडली. शेवटच्या प्रकरणाशी आले तेव्हा हात आपोआप थांबला. तरी पान उलटलं. दोघी जमिनीवर रांगत स्क्रू शोधतायत, एकमेकींवर खेकसतायत, आणि तो थोरलीच्याच चपलेत निघतो. मला हसू आलं आणि आवाज कुठेही अडला नाही. मागे एक कोरं पान आहे. नखाने खरवडून बघितलं, त्याखाली काही नाही.

मग मी पुस्तक मिटलं आणि तिला म्हटलं, संपलं. या वेळी खरं सांगितलं.

ताई